शब्दचर्चा: 'रोधक बेट' म्हणावे की 'दांडाबेट'?

प्रश्न

उपोष्ण कटिबंधातील वालुकामय किनाऱ्यांविषयीच्या एका लेखाचा मी मराठी अनुवाद करत आहे. मुख्य भूमीला समांतर पसरलेली आणि मधल्या उथळ खाऱ्या पाण्यामुळे तिच्यापासून वेगळी झालेली लांबट, अरुंद वाळूची बेटे हा लेखाचा विषय आहे. 'बॅरियर आयलंड' या संज्ञेसाठी 'अडथळा बेट', 'बांधबेट' आणि 'रोधक बेट' असे तीन पर्याय समोर आहेत. यांपैकी कोणता घ्यावा? या बेटांच्या पुळणी, टेकड्या आणि मधले जलमार्ग यांच्या शब्दांबद्दलही जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद

'अडथळा बेट' आधी बाजूला ठेवू. अडथळा नेहमी नको असलेल्या गोष्टीचाच असतो. लाटांना हे बेट अडथळा वाटत असेलही, परंतु आपण लाटांच्या बाजूने लिहीत नाही. 'बांधबेट' ऐकायला गोड आहे, पण बांध माणूस घालतो आणि तो जागच्या जागी राहावा हीच त्याच्याकडून अपेक्षा असते. बांध सरकला की तंटा सुरू होतो. 'रोधक बेट' हा पर्याय 'गतिरोधका'मुळे सर्वांना चटकन कळण्याजोगा आहे आणि परिभाषा म्हणून मी तो नाकारणार नाही. माझी हरकत एवढीच की या शब्दात बेटाचे नाव त्याच्या मागे राहणाऱ्यांच्या सोयीवरून पडते आणि वाचकाच्या मनात एक अचल भिंत उभी राहते. या बेटांचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट आहे.

मोठ्या वादळात लाटा टेकड्यांमधल्या सखल जागांतून बेट ओलांडतात आणि समोरच्या पुळणीवरची वाळू मागच्या उथळ पाण्यात नेऊन पसरतात. समोर झीज होते, मागे भर पडते आणि समुद्राची पातळी वाढत असताना हे वारंवार घडले की संपूर्ण बेट मुख्य भूमीच्या दिशेने सरकते. याचा पुरावा पायाखालीच सापडतो. अशा काही बेटांच्या समुद्राकडील पुळणीवर ओहोटीच्या वेळी वाळूखालून काळपट, चिवट चिखलाचा थर उघडा पडतो. त्यात गवताची जुनी मुळे जशीच्या तशी दिसतात आणि जवळच कालवांचे करडे शिंपले विखुरलेले असतात. हे गवत आणि ही कालवे फुटणाऱ्या लाटांत वाढत नाहीत. ती बेटाच्या मागच्या, निवांत पाण्याच्या काठची. ती समोर आली ती जागची हलली म्हणून नव्हे, तर बेट त्यांच्यावरून पुढे निघून गेले म्हणून.

माणसाने बांधलेल्या गोष्टींना मात्र असे सरकता येत नाही. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायनातील अशाच एका बेटावरचा, केप हॅटरसचा सुमारे ६० मीटर उंचीचा दीपस्तंभ १८७० साली पूर्ण झाला, तेव्हा पाण्यापासून साडेचारशे मीटरच्या आसपास दूर होता. शतकभरात समुद्र त्याच्या पायथ्याशी आला आणि १९९९ साली तो अखंड उचलून सुमारे ८८० मीटर आत न्यावा लागला. अशा भूरूपाला 'रोधक' म्हणणे म्हणजे पाहुण्याला पहारेकरी म्हणण्यासारखे आहे.

माझी सूचना 'दांडाबेट' अशी आहे. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांमुळे 'वाळूचा दांडा' मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला आहे आणि लांबट, अरुंद, लाटांनी रचलेला हा आकार त्यात आपोआप येतो. नुसते 'दांडा' म्हणून भागणार नाही, कारण दांडा बहुधा एका टोकाने जमिनीला चिकटलेला किंवा पाण्याखाली बुडालेला असतो. 'बेट' जोडल्याने दोन्ही टोके मोकळी होतात आणि वाळू पाण्याच्या वर येते.

दुसरा प्रतिसाद

'दांडाबेट' कानाला खडबडीत वाटते. 'आड' हा आपला जुना, लवचिक शब्द असताना 'आडबेट' का नको? ढगाआड, पडद्याआड, आडोसा या सर्वांत संरक्षणाची छटा आहे आणि त्यात भिंतही नाही. तेही नको असेल, तर सरळ 'वाळूबेट' म्हणावे.

प्रतिसाद

'आडबेट' मलाही क्षणभर मोहात पाडून गेले. अडचण अशी की 'आड' शब्दाच्या शेवटी आला तर आडोशाचा अर्थ देतो, परंतु आरंभी आला की बहुतेक वेळा मुख्य वाटेपासून बाजूला पडलेले असे सुचवतो: आडवाट, आडगाव, आडरान. 'आडबेट' वाचणाऱ्याला जिथे कोणी जात नाही असे दूरचे बेट दिसेल. प्रत्यक्षात यांतील पुष्कळ बेटे पर्यटकांनी गजबजलेली असतात.

'वाळूबेट' हा शब्द चांगला आहे, पण तो वेगळ्या कामासाठी राखून ठेवावा. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्याजवळील क्गारी, म्हणजे पूर्वीचे फ्रेझर बेट, हे जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट आहे. सुमारे १२० किलोमीटर लांबीच्या या बेटावर वाळूत वर्षावन वाढते आणि टेकड्यांमध्ये गोड्या पाण्याची सरोवरे आहेत. दुसरीकडे टेक्ससमधील पाद्रे बेट जवळपास १८० किलोमीटर लांब असूनही अरुंद आणि सखल आहे. दोन्ही वाळूचीच, पण 'वाळूबेट' केवळ द्रव्य सांगते, घडण सांगत नाही. पाद्रेला दांडाबेट म्हणता येते. क्गारीला तसे म्हणायला जीभ धजत नाही.

आता इतर शब्दांकडे. 'बीच'साठी 'किनारा' सैल आहे, कारण किनारा कड्याचाही असतो आणि चिखलाचाही. 'चौपाटी' म्हटले की वाळूपेक्षा गर्दी आधी डोळ्यांपुढे येते. संस्कृत 'पुलिन'शी नाते सांगणारा 'पुळण' हा शब्द वाळूच्या पट्ट्यालाच उद्देशून आहे, तोच वापरावा. 'वालुकागिरी' मात्र टाळावा, कारण पुरुषभर उंचीच्या ढिगाला गिरी म्हणताना संकोच वाटतो. 'वाळूची टेकडी' पुरेशी आहे.

सर्वांत घोळ आहे तो दोन बेटांमधल्या जलमार्गाचा. त्याला 'मुख' म्हटले जाते. परंतु मुख नदीचे किंवा खाडीचे असते आणि इथे मागे नदी असेलच असे नाही. भरतीला पाणी आत येते, ओहोटीला त्याच वाटेने बाहेर जाते. वादळाने बेट फोडून नवीन वाट काढली असेल तर मी नि:संकोच 'खिंडार' लिहीन. तटबंदीला पडते तसेच ते पडते. १८९६ साली क्वीन्सलँडचे स्ट्रॅडब्रोक बेट असेच फुटले आणि उत्तर व दक्षिण अशी दोन बेटे झाली. ते खिंडार आजही उघडे आहे. अनेक खिंडारे वाहत्या वाळूने पुन्हा बुजतात, आणि 'बुजणे' हे क्रियापदही खिंडाराला शोभते, मुखाला तितकेसे नाही. टिकून राहिलेल्या वाटेला 'भरतीमार्ग' म्हणता येईल.

प्रश्नकर्त्याची शंका

मागच्या उथळ पाण्याला मी 'खाजण' लिहिले आहे. ते चालेल ना?

प्रतिसाद

पाठ्यपुस्तकी अर्थाने चालेल, पण जपून. बोलीतले खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खारट, चिखलट जमीन. पाठ्यपुस्तकातले खाजण म्हणजे बंदिस्त उथळ पाणी. दुर्दैवाने दांडाबेटाच्या मागे या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असतात. पाद्रे बेटामागचे लगुना माद्रे हे समुद्रापेक्षाही खारट असलेले उघडे पाणी आहे, कारण तिथे पाऊस कमी आणि बाष्पीभवन फार. त्याला खाजण म्हणून पुढच्याच वाक्यात 'खाजणातून चालत गेलो' असे लिहिले, तर वाचक बुडालाच. माझ्या मते उघड्या पाण्यासाठी 'खाजण' आणि गवताळ चिखलासाठी 'खारी दलदल' हा भेद लेखाच्या आरंभीच सांगून शेवटपर्यंत पाळावा.

प्रश्नकर्त्याचा मसुदा

सूचनांनुसार एक परिच्छेद बदलला आहे: "दांडाबेटाच्या समुद्राकडील अंगाला रुंद पुळण आहे. तिच्यामागे वाळूच्या टेकड्या उभ्या असून त्यांवर सी ओट्स नावाचे गवत वाढते. टेकड्यांच्या आडोशाला ओकची झाडे आहेत. खारट वाऱ्याने समुद्राकडचे कोंब करपल्यामुळे त्यांचे शेंडे विंचरल्यासारखे एका बाजूला कललेले दिसतात. त्यांच्यापलीकडे खारी दलदल आणि नंतर खाजण लागते."

प्रतिसाद

'आडोसा' शेवटी योग्य जागी आला याचा आनंद आहे. एकच दुरुस्ती सुचवतो. 'टेकड्यांवर गवत वाढते' असे लिहिल्याने टेकडी आधी आणि गवत नंतर असा समज होतो. सी ओट्सचे पाते उडत्या वाळूला अडवते, वाळू साचते, गवत तिच्यात गाडले जाऊन पुन्हा वर फुटते आणि तेवढी टेकडी चढत जाते. म्हणून 'सी ओट्स नावाच्या गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या' असे करावे.