जुजबी बोलणं, गप्पा आणि ओळख निघणं

समारंभात शेजारी एखादा अनोळखी माणूस येऊन उभा राहतो, दोनचार वाक्यं होतात आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात. या बोलण्याला मराठीत नेमकं काय म्हणावं? ‘गप्पा’ म्हटलं तर जरा जास्तच होतं.

– होतंच. गप्पा रंगायला माणसं आधी मोकळी झालेली असावी लागतात. ‘विचारपूस’ आणि ‘ख्यालीखुशाली’ ओळखीच्या माणसाची. ‘चकाट्या पिटणे’मध्ये रिकामटेकडेपणाचा ठपका आहे, तर ‘तोंडदेखलं’मध्ये खोटेपणाचा. मी ‘जुजबी बोलणं’ म्हणेन. मूळ अरबी ‘जुज’ म्हणजे अंश, भाग. म्हणून जुजबी म्हणजे थोडकं, वरवरचं.

– अर्थ बरोबर, पण या शब्दाने त्या बोलण्याला उगाच कमीपणा येतो. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी 1923 साली अशाच बोलण्याविषयी लिहिलं होतं: त्यात माहिती देणं-घेणं हा हेतूच नसतो, नुसत्या शब्दांच्या देवाणघेवाणीतून माणसं जोडली जातात. मला ते पूर्ण पटतं. ‘हवापाण्याच्या गोष्टी’ हा प्रयोग म्हणूनच मला आवडतो. उकाडा दोघांनाही सारखाच होत असतो, त्यावर कुणाला बाजू घ्यावी लागत नाही.

– वाक्यांची घडणही बघा. अनोळखी माणसाला आपण ‘तुम्ही लांबून आलात का?’ असं क्वचित विचारतो. ‘लांबून आलात?’ एवढंच. कर्ता गाळला तरी ‘आलात’मधून आदर पोचतो आणि प्रश्न अंगावर येत नाही. त्याउलट ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न पहिल्याच वाक्यात आला की चौकशी वाटते. ‘यजमानांची ओळख कशी?’ हे त्याहून कितीतरी सोपं, कारण उत्तर सांगता सांगता समोरचा आपणहून चार गोष्टी बोलतो.

– ‘ओळख’ची क्रियापदं राहिली की! ओळख होते, करून घेतात, वाढते. पण ‘ओळख काढणे’ आणि ‘ओळख निघणे’ यांत मोठा फरक आहे. काढणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काहीतरी काम असतं. निघते ती आपोआप: बोलता बोलता एखादं नाव येतं, ‘अहो, ते तर माझ्या भावाच्या वर्गातले!’ असं होतं, आणि तिथून पुढच्या बोलण्याला खुशाल गप्पा म्हणा. तसं काही झालं नाही, तर ‘त्यांच्याशी जुजबी बोलणं झालं’ हेच वाक्य योग्य.