पहिली नोकरी: 'जो चावी देईल त्याची घ्या' हे मला मान्य नाही

लांबपल्ला: "ट्रक-ट्रेलरचं हेवी लायसन्स मिळालंय ना, मग पगार विचारू नका, गाडी कुठली ते विचारू नका. जो चावी देईल त्याची घ्या, दोन वर्षं मान खाली घालून चालवा." हा सल्ला इथे 'जुनी खोड' यांनी नव्या पोरांना दिलाय आणि सगळे माना डोलावतायत. मला राहवलं नाही.

बऱ्याच ठिकाणी टेस्ट रिकाम्या गाडीवर होते. भरलेली गाडी पोरगं पहिल्यांदा हातात घेतं ते थेट नोकरीतच. एअर ब्रेकवर, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकवर, पाय दिल्यापासून चाक धरेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो. ताशी 80 च्या वेगात तेवढ्यात गाडी 11 मीटर पुढे गेलेली असते. कार चालवणाऱ्या पायाला याची सवय नसते आणि ती वाचून लागत नाही. "आता दे पाय, आता सोड" असं सांगणारं कोणीतरी शेजारी लागतं. म्हणून पगाराच्याही आधी विचारायचं ते एकच: माझ्याबरोबर कोण बसणार आणि किती दिवस? याचं धड उत्तर न देता जो चावी पुढे करतो त्याला ड्रायव्हर नकोय, गाडी हलवणारा कोणीही चालणार आहे.

जुनी खोड: बोलायला सोपं आहे. सगळ्यांना अनुभवी माणूस हवा असतो, कारण विमा कंपनी चालकाचं वय आणि अनुभव बघते. अनुभव नोकरीशिवाय येत नाही. मग अटी घालणाऱ्या पोराला घेणार कोण? माझ्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. पाऊस, घाट, रात्र, सगळं अंगावर घेतलं तेव्हा शिकलो. आणि खरं सांगू का, आताची पोरं टेस्टच ऑटोमॅटिकवर देतात. गिअर माहीत नाही, इंजिनाचा आवाज कळत नाही, त्यांना ड्रायव्हर कसं म्हणायचं?

नवा_परवाना: काका, मी ऑटोमॅटिकवरच टेस्ट दिली. प्रशिक्षणाला तीच गाडी होती, मी काय करणार होतो? अर्ज केला तिथे गिअरबॉक्सचं कोणी विचारलंच नाही. "किती वर्षं चालवताय?" एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

जुनी खोड: आज विचारलं नाही, उद्या विचारतील. अमेरिकेत ट्रकची टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सवर तसा शिक्का बसतो, मॅन्युअल ट्रक चालवता येत नाही. उगाच नाही तो नियम. उतारावर योग्य गिअरात गाडी धरता आली नाही तर ब्रेकवर सगळा भार येतो. गेलीच म्हणून समजा.

ड्रमवाला: मी चालक नाही, गाड्यांचे ब्रेक खोलतो, म्हणून यात पडतो. जळलेले ब्रेक माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे येतात. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं, तापून निळा पडलेला, आत भेगांची जाळी, त्याला आतून घासणारं लायनर काचेसारखं गुळगुळीत. कारण दर वेळी तेच: उतारभर पाय ब्रेकवर ठेवून आलेला माणूस. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, आणि पाय कितीही दाबला तरी पकड येत नाही. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर धरून ठेवता येतो, इंजिन ब्रेक असतो, कित्येक गाड्यांत रिटार्डर, म्हणजे चाकाच्या ब्रेकला हात न लावता वेग कमी करणारं यंत्र, असतो. उतार सुरू व्हायच्या आधी वेग कमी करायचा, हे शिकवलं नसेल तर कुठलाही गिअरबॉक्स वाचवणार नाही.

जुनी खोड: बरं, गिअरबॉक्सचा दोष नाही, धरून चालू. पण मॅन्युअलवाल्याला आधी विचार करावा लागतो, हे तुम्हीही नाकारू नका.

लांबपल्ला: नाकारत नाही. पण गाडी भलतीकडेच चालली आहे. शिकवलं नसेल तर, असं ड्रमवाले म्हणाले, माझंही तेच म्हणणं. अमेरिकेत 7 फेब्रुवारी 2022 पासून नव्या व्यावसायिक चालकाला नोंदणीकृत प्रशिक्षकाकडे शिकणं बंधनकारक केलं, तरी स्टिअरिंगवर किमान किती तास हवेत ते ठरवलेलं नाही. म्हणजे नियम असूनही उरलेलं शिक्षण मालकाच्याच दारात होणार.

मागचा आरसा: मालकाच्या दाराचं मी सांगते. माझ्या धाकट्या भावाने असाच 'जो देईल तो' म्हणून एक मालक धरला. पहिल्याच आठवड्यात अरुंद फाटकातून ट्रेलर मागे घेताना मडगार्ड घासलं. उतरून बघायलाही कोणी सोबत नव्हतं. पगारातून पैसे कापले. सोडतो म्हणाला तर प्रशिक्षणाचा खर्च भर म्हणून सही केलेला कागद पुढे आला. त्याने तो वाचलाच नव्हता, कारण इथल्यासारख्याच लोकांनी सांगितलं होतं, काही विचारू नकोस.

जुनी खोड: कागद न वाचता सही करा असं मी कधी म्हटलं? माझ्या तोंडी नको ते घालू नका.

मागचा आरसा: "विचारू नका" याचा दुसरा काय अर्थ होतो तुम्हीच सांगा! नुकसान कोण भरणार, माल भरायला ताटकळलो तर त्या तासांचे पैसे मिळणार का, नोकरी सोडली तर काय द्यावं लागणार, हे पहिल्या दिवशी विचारायचं नाही तर कधी?

नवा_परवाना: भांडू नका, मला खरंच ठरवायचंय. दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक दुधाचा टँकर, पगार बरा, लगेच एकट्याने. दुसरं एका मोठ्या गोदामाच्या आवारात ट्रेलर इकडून तिकडे लावायचं काम, पगार कमी.

लांबपल्ला: आवार. दिवसभर रिव्हर्स, ट्रेलर जोडणं, सोडणं. जोडल्यावर पुढे हलका झटका देऊन ट्रेलरची पिन नीट अडकली का बघायचं, मग खाली वाकून डोळ्यांनी बघायचं. ही सवय तिथे हाडात मुरते, आणि चूक झाली तरी वेग माणसाच्या चालीएवढा असतो.

जुनी खोड: टँकर घेऊ नकोस, बाळा. दुधाच्या टाकीत बहुधा आडव्या पाट्या नसतात, धुवायला अडचण होते म्हणून. अर्धी भरलेली असली की ब्रेक लावल्यावर सगळं दूध पुढे धावतं आणि थांबलेली गाडी पुन्हा ढकलतं. वळणावर बाजूला झुकतं ते वेगळंच. नव्या माणसाने एकट्याने नाही.

लांबपल्ला: म्हणजे गाडी कुठली ते विचारायचं.

जुनी खोड: टँकर असेल तर विचारायचं. बाकी मी म्हटलं ते म्हटलं.

नवा_परवाना: आवारवाल्यांना उद्या फोन करतो. शेजारी कोण असणार तेही विचारतो.