मुलाखती म्हणजे किस्से? गिरणगावावरच्या संशोधनाचा वाद

आकडेमोड : गिरणगावावरचं बरंचसं संशोधन म्हणजे चार मुलाखती आणि रडगाणं. १९८२च्या संपाने गिरण्या बुडाल्या का, हे आकडेच सांगतील. गुणात्मक-संख्यात्मक मिश्रण, म्हणजे मुलाखती आणि आकडे एकत्र वापरणं, ही दोन्ही धड न जमणाऱ्यांची सोय आहे.

कालिनाकट्टा : सोय? दुप्पट काम आहे ते! अहमदाबाद बघा. मजूर महाजन या तिथल्या गिरणी कामगार संघटनेची लवादाची परंपरा, १९८२सारखा संप नाही, तरी त्याच दशकात गिरण्या धडाधड बंद पडल्या. मग एकट्या संपावर खापर कसं फोडता? यंत्रमागांची स्पर्धा, जुनी यंत्रं, जमिनीचा भाव, संप यांतलं काय कशासोबत आलं की गिरणी बसते, हा खरा प्रश्न. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स रेगिनने १९८७मध्ये बूलियन बीजगणितावर, म्हणजे प्रत्येक अट ‘आहे’ की ‘नाही’ यावर, आधारलेली तुलना मांडली ती यासाठीच. एकेक गिरणी ही एकेक केस धरा.

आकडेमोड : चार अटी म्हणजे सोळा जोड्या. मुंबईत गिरण्या साठच्या आतबाहेर, त्याही एकाच शहरातल्या. जोड्यांच्या तक्त्यातल्या कित्येक ओळी रिकाम्या राहणार. आणि यंत्रं ‘जुनी’ कुठून धरायची? रेघ तुमच्या मर्जीची.

कालिनाकट्टा : म्हणून तर अहमदाबाद हवं. आणि ताळेबंदात साच्याची (गिरणीतल्या मागाची) किंमत दिसते, तो चालतो की बंद पडून आहे हे साचेवालाच सांगतो.

डिलाईलरोडकर : सर्वेक्षणाचे फॉर्म भरणारे कुणाला आठवतात का? एका संस्थेसाठी मी चाळींतून फिरले. पैसे फॉर्ममागे, म्हणून बरीच पोरं जिन्यातच रकाने भरायची. एका घरात संपानंतर सगळा संसार बाईंच्या खाणावळीवर चाललेला. फॉर्मवर त्या ‘गृहिणी’. मी समासात लिहिलं, सुपरवायझरने खोडलं. कोडमध्ये बसत नाही म्हणे. अहवालात आमची नावंसुद्धा नाहीत.

आकडेमोड : तो वाईट प्रश्नावलीचा दोष, आकड्यांचा नव्हे.

डिलाईलरोडकर : प्रश्नावली वाईट हे कळलं कसं? बाईंशी बोलल्यावरच ना!

लालबागची लेक : अजून तेच चाललंय. माझ्या भाचीला प्रवासखर्चही दिला नाही. लिफ्ट नसलेल्या इमारती, वर ‘आज इतके फॉर्म आणाच’.

कालिनाकट्टा : मानधनाचा धागा वेगळा काढा. इथे पद्धतीवर बोलतोय.

डिलाईलरोडकर : वेगळा का म्हणून? जिन्यात भरलेल्या फॉर्मांवरच तुमच्या सोळा जोड्या उभ्या राहणार आहेत.

आकडेमोड : प्रश्नावलीआधी मुलाखती घ्याव्यात, एवढं मान्य. पण एका खाणावळीवरून अख्खं गिरणगाव सांगितलंत तर ऐकून घेणार नाही. अशी घरं किती, हे मोजावंच लागेल.

डिलाईलरोडकर : मोजा की. फक्त खाणावळीचा रकाना आधी छापा आणि मोजणाऱ्याला दिवसाचे पैसे द्या.