दंड सरकारजमा, फोन मात्र आपल्याला

बी-३०४: नमस्कार मंडळी. सोसायटीच्या ग्रुपवर जरा लांबलचक लिहितोय, पण पूर्ण वाचा. काल दुपारी आईला फोन आला. समोरच्याला तिचं नाव, जन्मतारीख, कर्जाचा हप्ता किती आणि कुठल्या तारखेला कापला जातो, सगळं तोंडपाठ. "मावशी, हप्ता दोनदा कापला गेलाय, परत करतो. मोबाईलवर ओटीपी आलाय तो सांगा." आई चष्मा शोधायला उठली, तेवढ्यात मी दारात, म्हणून वाचलो. ज्या फायनान्स कंपनीचं कर्ज आहे तिथून तीन महिन्यांपूर्वी ग्राहकांची माहिती फुटली होती. आम्हाला मेल आला मागच्या आठवड्यात! गंगापूर रोडच्या शाखेत गेलो तर "मुंबईला लिहा" म्हणाले.

ए-१०२: बाप रे. आई ठीक आहेत ना? पण आता कायदा आलाय ना? अडीचशे कोटी दंड असं पेपरात वाचलं होतं.

बी-३०४: ठीक आहे काका, पण रात्रभर झोपली नाही. कायदा आहे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा, २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड, फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. ज्यांची माहिती फुटली त्यांना विनाविलंब सांगायचं, डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा. पण ही बंधनं लागू होणार मे २०२७ पासून. आणि मला खरं खुपतं ते वेगळंच. दंडाचा पैसा सरकारच्या तिजोरीत जाणार, ज्याची माहिती गेली त्याला दमडी नाही. आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्यातलं भरपाईचं ४३-ए कलमसुद्धा ही बंधनं लागू होतील तेव्हाच रद्द होणार.

सी-४०१: म्हणजे आत्ता दावा करता येतो?

बी-३०४: येतो ताई. ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे, मंत्रालयात. पण नुकसान झालं आणि ते कंपनीच्या हयगयीमुळेच, हे आपण सिद्ध करायचं. आमचे पैसे वाचले, मग दाखवणार काय? अमेरिकेत २०१७ मध्ये इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. सॉफ्टवेअरची दुरुस्ती आधीच आली होती, ती बसवलीच नव्हती. तिथे तडजोडीत ग्राहकांसाठी वेगळा निधी ठेवावा लागला. आपल्या कायद्यात तशी सोय हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

ए-१०२: मग करायचं काय?

बी-३०४: काका, पैसे गेले तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. नुसता फसवा कॉल आला तर सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर 'चक्षू'मध्ये नंबर नोंदवा, आम्ही नोंदवलाय. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, आपल्या नावावर भलतंच कर्ज नाही ना ते बघा. आणि कंपनीला लेखी विचारा, नेमकं काय काय फुटलं.

आता सेक्रेटरी साहेब, रागावू नका. रविवारी टँकरचा हिशेब करायला ऑफिसातला एक कोरा कागद घेतला. उलटून बघतो तर मागे भाडेकरूच्या आधारची झेरॉक्स, फोटोसकट. सिंहस्थात काही जण खोल्या भाड्याने देणार, तेव्हा असे गठ्ठेच्या गठ्ठे जमतील.

सेक्रेटरी: चूक झाली, मान्य. ते कागद आजच फाडतो. यापुढे आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रतच घेऊ. गेटवरच्या वहीलाही कायदा लागतो का?

बी-३०४: नुसत्या कागदी वहीला नाही. त्यातले नंबर कॉम्प्युटरवर चढवले की लागतो. सभासदांची एक्सेल आपण याच ग्रुपवर टाकली होती, नाव, मोबाईल, गाडी नंबर, जन्मतारीख सगळं आहे त्यात.

सेक्रेटरी: काढायला गेलो, पण मेसेज जुना झालाय. फक्त माझ्या फोनवरून जातोय.

बी-३०४: मग सगळ्यांनी आपापल्या फोनमधून काढा. डाउनलोडमधूनही.

सी-४०१: काढली.

ए-१०२: मीपण. पुण्याला मुलाला आणि इस्टेट एजंटला पाठवली होती. दोघांना आत्ताच फोन करतो.