केबिन प्रेशर गेलं, विमान खाली आणलं, पण मास्क पडलेच नाहीत. असं का?

प्रश्न: त्रिमूर्तीनगरची लेक

मागच्या आठवड्यात आईला घेऊन दिल्लीहून नागपूरला येत होते. निम्म्या वाटेत कानात दडे बसायला लागले. मग पायलटने सांगितलं की केबिन प्रेशरमध्ये अडचण आहे, आपण खाली उतरून दिल्लीला परततोय. विमान भराभर खाली आलं. आई दोन्ही कान दाबून कळवळत होती. मागच्या रांगेतले एक जण ओरडत होते, "अरे, मास्क काहून नाही देऊन राहिले?" ते शेवटपर्यंत पडले नाहीत. कानाच्या डॉक्टरांनी पडदा शाबूत असल्याचं सांगितलं, पण आईने धसका घेतलाय. पुढच्या महिन्यात भावाकडे पुण्याला जायचंय. मास्कही बिघडलेले होते का?

उत्तर: महालकर

ताई, सरळ रेल्वेचं तिकीट काढा. आईचा जीव महत्त्वाचा. मास्क पडले नाहीत म्हणजे ऑक्सिजन संपलेला असणार.

उत्तर: खामल्याचा टेक्निशियन (निवृत्त)

महालकर, आईची काळजी खरी, पण ऑक्सिजन संपल्याचं म्हणणं बरोबर नाही.

विमानात हवा साठवलेली नसते. बहुतेक जेट विमानांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून ती सतत घेतात, थंड करून आत सोडतात आणि शेपटीकडच्या आउटफ्लो व्हॉल्व्हमधून हवी तेवढी बाहेर जाऊ देतात. सगळं ठीक असतानाही आतला दाब साधारण ८,००० फुटांवर असतो तितकाच, म्हणजे चिखलदऱ्याच्या दुपटीहून जास्त उंचीचा. तो १०,००० फुटांच्या पातळीला पोचला की कॉकपिटमध्ये इशारा वाजतो. मास्क आपोआप पडतात ते १४,००० च्या आसपास. तुमच्या पायलटने त्याआधीच विमान खाली आणलेलं दिसतंय. तसं असेल तर मास्क वरच राहणं अगदी बरोबर होतं.

आईचे कान दुखले ते उतरताना. चढताना कानातली हवा सहज बाहेर पडते, उतरताना आत शिरायला अडते.

हँगरमध्ये आम्ही विमान जमिनीवरच हवेने भरून गळती शोधायचो. दाराच्या रबरी सीलपाशी उभं राहिलं की बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा आणि हाताला हवेची धार लागायची. काम संपल्यावर प्रेशरचा नॉब पुन्हा 'ऑटो'वर आहे ना, हे आमच्यापैकी एक जण बघायचा आणि दुसरा परत बघायचा. १४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं हेलिओस या कंपनीचं विमान अशाच तपासणीनंतर 'मॅन्युअल'वर राहिलं, त्यामुळे वर चढताना आत दाब भरलाच नाही. इशारा वाजला, पण वैमानिकांना तो दुसऱ्याच गोष्टीचा वाटला आणि ते बेशुद्ध झाले. १२१ माणसं गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई-जयपूर विमानात ब्लीड एअरचा, म्हणजे इंजिनातून आत हवा घेण्याचा, स्विच सुरू करायचा राहिला. तिथे मास्क पडले, काहींच्या नाकाकानातून रक्त आलं, पण विमान सुखरूप परतलं.

आता मनापासून एक सांगतो. मास्क पडले तर आईच्या आधी तुमचा लावा. लेकीला हे जड जातं, मला ठाऊक आहे. पण ३५,००० फुटांवर शुद्ध टिकते अर्धा ते एक मिनिट, आणि हात त्याच्याही आधी ऐकेनासे होतात. तुम्ही कोसळलात तर आईला लावणार कोण? आणि मोबाईल काढून व्हिडिओ तर अजिबात करू नका. मास्क जोरात ओढायचा, कारण बऱ्याच विमानांत ओढल्यावरच वरची रासायनिक डबी पेटून ऑक्सिजन सुरू होतो. थोडा जळका वास येतो, घाबरू नका. तो बाराएक मिनिटं पुरतो, तेवढ्यात विमान १०,००० फुटांवर येतं.

उत्तर: धंतोलीची नर्स

सर्दी असेल तर प्रवास पुढे ढकला. विमान उतरायला लागलं की आईंना झोपू देऊ नका, गोळी चघळायला द्या, घोट घोट पाणी पाजा. निघण्याआधी कान एकदा दाखवून घ्या.

प्रश्नकर्ती

काका, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. डॉक्टरांनी हो म्हटलं तर विमानाने येते म्हणाली. तिचा एकच प्रश्न आहे: मास्कची पिशवी फुगली नाही तर दुसरा मास्क ओढायचा का?

खामल्याचा टेक्निशियन

नाही. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. मास्क नाकातोंडावर घट्ट धरून नेहमीसारखा श्वास घ्यायला सांगा.