मदत हवी आहे : साध्या वेबकॅमवर चेहरा ओळखून लॉगिन, पण फोटोला अडवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीजवळच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पाच-सहा शाखा, जुने डेस्कटॉप आणि लॉकडाऊनमध्ये मीटिंगसाठी घेतलेले साधे यूएसबी वेबकॅम. यंदा लेखापरीक्षणात शेरा आला, की एन्ट्री करणारा आणि ती पास करणारा, दोघांना एकमेकांचे पासवर्ड माहीत आहेत. शेरा खराच आहे. कॅशियर जेवायला उठला की त्याच्या आयडीवर कोणीही व्हाउचर टाकतं. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती केली, तर तो भिंतीवरच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीने लिहिलेला सापडला.

संचालक मंडळ म्हणतं, बोटांचे स्कॅनर नकोत, कॅमेरे पडून आहेत त्यांच्यावरच काय ते बसवा.

पायथनमध्ये डी-लिब या चेहरा ओळखणाऱ्या लायब्ररीचं तयार मॉडेल वापरून बसवलं. ते चेहऱ्याचे १२८ आकडे काढतं आणि नोंदवलेल्या आकड्यांपासूनचं अंतर मोजतं. अंतर ०.६ च्या आत असलं की माणूस तोच. पण ०.६ वर एका शाखेतले दोघे सख्खे भाऊ एकमेकांच्या नावाने आत जायला लागले. मर्यादा ०.४५ वर आणली, तर ज्याच्या पाठीमागे पश्चिमेची खिडकी आहे तो कॅशियर रोज दिवसअखेरीला बाहेर अडकतो. उन्हात त्याचा चेहरा काळा ठिक्कर दिसतो.

तेही निस्तरेन. खरं दुखणं वेगळंच आहे. कर्मचाऱ्याचा व्हॉट्सअ‍ॅप डीपी मोबाइलवर मोठा करून कॅमेऱ्यासमोर धरला की लॉगिन होतं! म्हणून पापणी लवण्याची अट घातली. फोटो अडला, पण त्याच माणसाचा व्हिडिओ चालवला की पुन्हा आत. विंडोज हॅलो (विंडोजचं स्वतःचं चेहरा ओळखून लॉगिन) बघून झालं, त्याला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो.

नवं काही विकत न घेता समोर जिवंत माणूस आहे हे ओळखायचा भरवशाचा मार्ग आहे का? की मंडळाला सरळ नाही सांगू?

तारयंत्र :
भरवशाचा म्हणाल तर नाही. चेहरा जुळवणं आता सोपं झालंय, अवघड आहे तो खोटा चेहरा ओळखणं. आयफोनचा फेस आयडी चेहऱ्यावर तीस हजारांहून जास्त अदृश्य इन्फ्रारेड ठिपके टाकून त्याचा उंचसखलपणा मोजतो. तुमच्या वेबकॅमला मिळतं सपाट चित्र.

चेहरा किंवा बोट ओळखणारी पद्धत किती वेळा फसते, त्यावरून अँड्रॉइडने तीन वर्ग केलेत. २० टक्क्यांहून जास्त वेळा फसणारी पद्धत वर्ग १ मध्ये. तिने फोन उघडेल, पण बँकेच्या अ‍ॅपला ती वापरता येत नाही. सगळ्यात भरवशाच्या वर्ग ३ ला हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आत लागतं. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ फोनमध्ये इन्फ्रारेडशिवाय चेहऱ्यावर वर्ग ३ गाठला, म्हणजे अशक्य नाही. पण त्यांचा कॅमेरा, चिप आणि मॉडेल सगळं घरचं. तुमच्याकडे शाखेगणिक वेगळा कॅमेरा आणि वेगळा उजेड.

तरी दोन गोष्टी करून बघा. दर वेळी वेगळा हुकूम द्या : डावीकडे बघा, वर बघा, जवळ या. आधी काढलेला व्हिडिओ तो पाळणार नाही. दुसरं, मॉनिटरवर तीन-चार रंग दर वेळी वेगळ्या क्रमाने चमकवा आणि तोच क्रम चेहऱ्यावर उमटतो का ते तपासा. मोबाइलच्या पडद्याला स्वतःचाच उजेड असतो, त्यावर तो तसा उमटत नाही.

घाटमाथा :
रंग ठीक, पण कॅमेऱ्यासमोर मोबाइल धरायचीच गरज काय? ओबीएस हे व्हिडिओचं सॉफ्टवेअर टाकलं की व्हर्च्युअल (खोटा) कॅमेरा तयार, त्यातून हवा तो व्हिडिओ सोडा. शाखेतल्या मशिनवर अ‍ॅडमिनचे अधिकार कोणाकडे आहेत? आणि जुळणी कुठे होते? क्लायंट (शाखेतला पीसी) 'जुळलं' म्हणतो आणि सर्व्हर मान डोलावतो, असं असेल तर चेहऱ्याचं सोडा, आधी ते दुरुस्त करा.

सुमेधा_का :
पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनने लॉगिन, का नको? बहुतेकांच्या फोनला बोटाचा सेन्सर असतोच. पीसीवर क्यूआर येतो, फोनने स्कॅन करायचा, बोट ठेवायचं. चेहराबिहरा काही साठवायलाच नको.

धागाकर्ता :
@सुमेधा_का, पहिली पसंती तीच होती. पण क्यूआरच्या पासकीला फोन जवळ आहे हे कळायला पीसीवर ब्लूटूथ लागतं आणि हे डेस्कटॉप त्या जमान्यातले नाहीत. ब्लूटूथचा डोंगल मागितला तर मंडळ विचारणार, हा नवा खर्च नाही का?
@घाटमाथा, जुळणी सर्व्हरवरच आहे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मात्र सगळ्या शाखांत एकच. आजच बदलतो.

जुना_हिशेबनीस :
पतसंस्थेत बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो. चेहऱ्याला एकट्याला किल्ली करू नका. आधी आयडी, मग पिन, मग चेहरा, आणि तोही फक्त त्याच आयडीच्या चेहऱ्याशी ताडायचा. भाऊ दिसायला सारखा असला तरी पिन लागेलच. ठरावीक रकमेच्या वरचं व्हाउचर पास होताना त्या क्षणाचा फोटो नोंदीला जोडा. आपला फोटो राहतोय हे कळलं की दुसऱ्याच्या आयडीवर बसायला माणूस कचरतो, आणि ऑडिटरच्या हातातही पुरावा येतो. कर्मचाऱ्यांना मात्र आधी लेखी कळवा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. नोकरी सोडणाऱ्याचे ते १२८ आकडे कधी पुसणार, हेही त्यातच लिहा.

धागाकर्ता :
साहेब, हे मंडळाच्या गळी उतरेल. पिन, चेहरा आणि बदलते हुकूम एवढं आधी एका शाखेत लावतो. आता अडलंय रंगांवर. काउंटरवर दिवसभर ट्यूबलाइट आणि समोर दाराचं शटर उघडं, एवढ्या उजेडात मॉनिटरचा रंग चेहऱ्यावर मोजण्याइतका उमटतो का? कोणी करून पाहिलं असेल तर वेबकॅमचं ऑटो एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (उजेड आणि रंग आपोआप जुळवणं) बंद ठेवलं होतं का, तेही सांगा.