हरवलेला बोका परत आला पण काही खात नाहीये, सोमवारपर्यंत थांबू का?

मनी_नेरुळ

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलंमाकलं समजून घ्या. आमचा बोका गोट्या, चार वर्षांचा, न्यूटर (नसबंदी) केलेला, गेल्या आठवड्यात समोरच्या हॉलमध्ये वरातीचे फटाके वाजले तेव्हा जो पळाला तो आज दुपारी परत आला. करावे गावापर्यंत सगळीकडे शोधलं होतं, आसपासच्या सगळ्या वॉचमनना फोटो पाठवले होते, आणि हा आपणहून जिन्यात येऊन बसला. पण आमचा गोट्या वाटतच नाहीये हो. नुसता हाडांचा सापळा झालाय, आल्या आल्या वाटीभर पाणी प्यायला आणि थेट पलंगाखाली. मांदेली उकडून पुढे ठेवली, ज्याच्यासाठी हा एरवी ओट्यावर चढतो, तर नुसता वास घेतला आणि तोंड फिरवलं. अंग गरम लागतंय, शेपटीच्या बुडाशी हात गेला की गुरगुरतो.

सासूबाई म्हणतात दमलाय, दूध दे आणि झोपू दे. शेजारचे काका म्हणतात क्रोसिनची पाव गोळी दे. आमची दुसरी मांजर सोनी त्याच्यावर फिस्कारतेय. उद्या रविवार, आमचे नेहमीचे डॉक्टर सोमवारी भेटतील. तोपर्यंत थांबलं तर चालेल का?

घोडबंदरची_मावशी

अगं आधी ती क्रोसिन कपाटात ठेव आणि काकांना पण सांग की कुठल्याच मांजराला कधीच द्यायची नाही. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजराच्या लिव्हरला पचवताच येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहायचं बंद होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं आणि मांजर जातं. एका गोळीत मांजरं गेलेली आहेत, पाव गोळी पण नको. माणसाची तापाची, दुखण्याची कुठलीही गोळी नको. जखम दिसली तर डेटॉल पण नाही, मांजर ते चाटतं आणि ते पोटात जातं. कोमट मिठाच्या पाण्याने हलकं पुसलंस तर पुरे.

दूध पण नको, बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब लागले तर आहे ते पाणी पण जाईल अंगातलं.

आणि सोमवारपर्यंत थांबू नकोस. कुत्रं दोन दिवस उपाशी राहिलं तर निभतं, मांजराचं तसं नसतं. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी भराभर लिव्हरकडे जाते आणि लिव्हरच चरबीने भरून बंद पडायला लागतं, विशेषतः आधी गुटगुटीत असलेल्या बोक्याचं. मग कावीळ होते, मग ते आणखीच खात नाही. बाहेर त्याला काय मिळालं काय नाही कोणाला माहीत, त्यात आजही खाल्लं नाही. कानाच्या आतली कातडी, हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघ, पिवळट दिसलं तर आज रात्रीच निघ.

ऐरोलीचा_भाचा

मावशींनी सांगितलं ते शंभर टक्के. मी आमच्या सेक्टरमधल्या भटक्या मांजरांचं बघतो म्हणून अजून थोडं.

त्याला पलंगाखालून काढून बाथरूममध्ये किंवा छोट्या खोलीत ठेवा, सोनीपासून वेगळं, शी-शूचा ट्रे आणि पाणी आत. हे दोन कारणांसाठी, एक म्हणजे बाहेरून काही आजार आणला असेल तर सोनीला लागू नये, आणि दुसरं म्हणजे तो शू करतोय का हे कळलं पाहिजे. बोका परत परत ट्रेमध्ये बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि थेंब पण येत नाही असं असेल तर नळी अडकलीय, हे एका दिवसात जिवावर बेततं, न्यूटर केलेला असला तरी. बरेच जण याला बद्धकोष्ठ समजतात आणि तेल पाजत बसतात.

मग तो शांत झोपला की छाती मोजा. मिनिटाला तीसच्या आत श्वास हवेत. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर पुढचं काही बघू नका, उचला आणि निघा, टॉवरवरून पडलेल्या मांजरात फुप्फुसाच्या बाजूला हवा भरते आणि बाहेरून एक ओरखडा दिसत नाही.

नखं बघा. हे कोणी सांगत नाही. गाडीने उडवलेलं मांजर रस्त्यावर घासत जातं तेव्हा नखं जमिनीत रोवायला बघतं, त्यामुळे नखांची टोकं फाटतात, दोऱ्यासारखी सुटलेली दिसतात. तशी दिसली तर अंगावर खूण नसली तरी डॉक्टरांना सांगायचं, एक्सरे काढावा लागेल.

आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आत्ताच फोन करून विचारा उंदरांसाठी काय टाकलंय, पॅकेटचा फोटो मागवा. उंदराच्या काही औषधांत रक्त गोठायचं बंद होतं आणि लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात, त्यावर व्हिटॅमिन के१ ची इंजेक्शनं आहेत पण डॉक्टरांना औषध कुठलं ते कळलं तर वेळ वाचतो. हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त, शी काळी, असलं काही दिसतंय का?

मनी_नेरुळ

सगळं बघितलं. नखं ठीक आहेत. हिरड्या गुलाबीच पण फिकट, बोट लावलं तर चिकट लागतायत. पिवळं कुठे नाही. श्वास अठ्ठावीस. ट्रेमध्ये एकदा शू केली, थोडीच पण केली, हुश्श. सेक्रेटरी म्हणाले पावसाळ्यानंतर उंदराचं औषध टाकलेलंच नाही. शेपटीच्या बुडाशी केस बाजूला केले तर लिंबाएवढी सूज आहे, वर दोन बारीक खपल्या, आणि वास येतोय घाण.

पलंगाखालून काढताना अहोंच्या बोटाला चावला, रक्त आलं, हळद दाबून धरलीय. घरचाच आहे म्हणून चालेल ना?

कोपरीकर

गळू असेल तर फुटून जाईल आपोआप, आमच्या गावाकडे मांजरं चाटून चाटून बरी होतात. उगाच डॉक्टर लोक हजारांचं बिल करतात.

घोडबंदरची_मावशी

कोपरीकर, गावाकडे जी बरी होतात तीच आपल्याला दिसतात, बाकीची कुठेतरी कोपऱ्यात जाऊन मरतात ती दिसत नाहीत. ताप आहे, उपाशी आहे, अंगातलं पाणी गेलंय, हिरड्या चिकट लागतायत त्या त्यामुळेच. अशात पू आत साठला तर विष रक्तात जायला वेळ लागत नाही.

मनी, दोन खपल्या म्हणजे दुसऱ्या बोक्याचे सुळे. मांजराचे दात सुईसारखे, भोक वरून लगेच बंद होतं आणि आत पू होतो. पळून जाताना चावलं म्हणून शेपटीपाशी. तू घरी पिळू नकोस, तो कापून साफ करावा लागतो.

आता अहोंचं ऐक. हळद धुऊन टाका, साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं बोट धुवा, घड्याळ लावून. आणि आजच पालिकेच्या हॉस्पिटलात जा, वाशी किंवा नेरुळ, रेबीजची लस तिथे फुकट मिळते. घरचा असला तरी तो इतके दिवस बाहेर होता आणि त्याला कोणीतरी चावलंय. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) पण लागतं, ते स्वतःहून विचारा. लसीचे सगळे दिवस पुरे करायचे, मध्ये सोडायचे नाहीत. रेबीज झाल्यावर औषध नाही, ह्यात मी कोणाचं ऐकत नाही.

ऐरोलीचा_भाचा

रविवारी वाशी, सीवूड्स, खारघर भागात उघडे दवाखाने मिळतात, निघण्याआधी फोन करा. कुठेच नाही जमलं तर परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथेही आधी फोन करा. नेताना कॅरियरवर जाड टॉवेल टाका, रिक्षाच्या आवाजाने घाबरलेलं मांजर दार उघडं मिळालं की परत पळतं.

मनी_नेरुळ

अपडेट. वाशीला एक डॉक्टर मिळाल्या. ताप १०४.२, त्या म्हणाल्या नॉर्मल १०२.५ पर्यंत. भूल देऊन गळू कापलं, इतका पू निघाला की मला बघवेना. सलाईन, अँटिबायोटिक, दुखण्याचं मांजरांचं वेगळं औषध. रक्त तपासलं, लिव्हरचे आकडे थोडे वाढलेले पण कावीळ नाही. रेबीजचा बूस्टर त्यालाही दिला. अहोंना इम्युनोग्लोब्युलिन आणि लसीचा पहिला डोस नेरुळला मिळाला, पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्यात. सासूबाई रात्री त्याच्याजवळ बसून होत्या, आता त्याच सगळ्यांना सांगतायत की वाट बघायची नाही.

आज उकडलेलं चिकन कोमट करून दिलं, चार घास खाल्ले! अजून दोन प्रश्न. एकदम पोटभर देऊ का? आणि सोनी अजून दाराखालून फिस्कारते, तिला काय झालंय?

ऐरोलीचा_भाचा

चार घास, भारीच. पोटभर नको, उपाशी अंगावर एकदम जास्त अन्न पडलं की रक्तातले क्षार बिघडतात. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, मीठ-कांदा-लसूण काही नाही. सिरिंजने कोंबू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. एक पूर्ण दिवस काही नाही खाल्लं तर फोन करा डॉक्टरांना.

सोनीला तो दिसतोय गोट्यासारखा पण वास दवाखान्याचा येतोय, मांजरांचं ओळखणं नाकाने असतं. दोघांची अंथरुणं रोज अदलाबदल करा, दाराच्या दोन बाजूंना जेवण ठेवा, आणि त्याची जखम चाटू नये म्हणूनची कॉलर निघाली की मग भेटवा. तिचं ट्रायकॅट (मांजरांची नेहमीची लस) झालंय का ते कार्डवर बघा, राहिलं असेल तर आधी ते. आणि बोका बोक्याला चावला म्हणजे एफआयव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा, चावण्यातून पसरणारा विषाणू) टेस्ट, पण ती आत्ता निगेटिव्ह आली तरी खात्री नाही, साधारण दोन महिन्यांनी परत करावी लागते, डॉक्टरांकडून तारीख घेऊन ठेवा.

मनी_नेरुळ

तारीख घेतली. सोनीचं ट्रायकॅट खरंच राहिलंय, उद्या नेते. बाल्कनीला जाळी लावणारा माणूस पण बोलावलाय. नेरुळ-सीवूड्समध्ये मजबूत जाळी लावणारं कोणी माहीत असेल तर सांगा, मागच्या वेळची नायलॉनची गोट्यानेच कुरतडली होती.